दुसरी खुंटी

मरोळ, अंधेरी (पूर्व)
८ डिसेंबर २०२४

ती. भाऊकाकांस,
सा. न. वि. वि.

शाळेत निबंधाला मला दहापैकी पाचाच्या वर कधी मिळाले नाहीत, तरी तुमची ही पुतणी पत्र लिहायला बसली आहे. फोन तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, मग करायचं काय? तुम्हा दोघा भावांचं गॅरेज सोडून तुम्ही गावी कसालला गेलात त्याला चार वर्षं झाली. बहिऱ्याला गिअरबॉक्सचा आवाज काय कळणार, असं बाबा गिऱ्हाइकासमोर बोलले, ते मला माहीत आहे. त्यांची बाजू घ्यायला मी लिहीत नाही.

काका, बाबांना विसरण्याचा आजार झाला आहे. डॉक्टर म्हणतात, अजून काही महिने माणसं ओळखतील, पुढचं सांगता येत नाही. दिवसातून दहा वेळा तुमचं नाव काढतात. तुमचे गुडघे प्रवासाचे नाहीत, म्हणून आम्हीच त्यांना तुमच्याकडे आणायचं ठरवलं आहे, त्यांनी तुम्हाला ओळखायचं थांबण्याआधी. पण परक्या गाडीत ते चालू रस्त्यात दार उघडतात. शांत बसतात ते फक्त आपल्या जुन्या मारुतीत.

आणि तिचाच गिअरबॉक्स त्यांनी दिवाळीत उतरवून बिल्डिंगखाली पेपरावर मांडून ठेवला आहे. का, ते त्यांना सांगता येत नाही. बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला की पाना उगारतात. मी आणि माझे यजमान निलेश एवढे दोघेच चालतो. निलेश बँकेत आहे, त्याला पाना आणि पक्कड यातला फरक परवा कळला. दोन रविवार आम्ही बॉक्स चढवतोय, पण इंजिनापासून बोटभर फट राहते ती राहतेच. बोल्ट आवळून ओढून घेऊ का?

काकूंना नमस्कार. रागातून सवड काढून उत्तर लिहा.

तुमची,
दर्शना


कसाल
१४ डिसेंबर २०२४

चि. दर्शनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. बोल्टने ओढू नकोस. ओढलास तर बोल्ट जातो तो बॉक्सचा कान तुटेल, मग कपाळाला हात लावून बसावे लागेल. फट राहते याचा अर्थ क्लच प्लेट मधोमध नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट सैल कर, भोकात बसेल असा गोल लाकडी दांडा घे, त्याला टेप गुंडाळ, त्यावर प्लेट मध्यावर आण आणि मग बोल्ट समोरासमोरचे घेत आवळ. बॉक्स गिअरमध्ये टाकून निलेशरावांना चाकाकडची दांडी हळू फिरवायला सांग, तू सरळ ढकल. दाते जुळले की बॉक्स आपला आपण आत जातो. जबरदस्तीचे काम नव्हे.

चंदूबद्दल वाचले. वयाने माणूस विसरतो, मीही चष्मा विसरतो. मला भेटवायची एवढी घाई करू नये. त्याला काही सांगायचे असेल तर दोन ओळी लिहायला हात मोडले नव्हते. तुझ्या आईला, नलिनीला, आशीर्वाद.

तुझा,
भाऊकाका


मरोळ
५ जानेवारी २०२५

ती. भाऊकाकांस,
सा. न. वि. वि.

बॉक्स गेला! पोळपाट-लाटण्यातलं लाटणं वापरलं, आई अजून बोलत नाही माझ्याशी. टक् करून बसला तेव्हा निलेशने माझ्याशी हात मिळवला, लग्नात मिळवला नव्हता इतक्या जोरात.

पण आनंद तेवढाच. इंजिन बंद असताना गिअर पडतात, चालू केलं की क्लच तळापर्यंत दाबूनही पडत नाहीत, नुसती खरखर. तार ताणून पाहिली, ढिली करून पाहिली. बाबा शेजारी स्टुलावर बसून आवाज ऐकत होते आणि मान हलवत होते. काय चुकलं विचारलं तर म्हणाले, भाऊला बोलवा.

मंगळवारी त्यांनी आईला विचारलं की बाई, गाडी कुठली आणलीत. आईने मारुती असं सांगितलं. मग त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि उद्या संध्याकाळी या म्हणाले. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. काका, आधी दहा वेळा निघायचं ते तुमचं नाव आता दोनतीनदाच निघतं. मला घाई आहे ती याचीच. लवकर कळवा.

लोभ आहे तुमचा, तुम्ही दाखवत नसलात तरी.

दर्शना


कसाल
११ जानेवारी २०२५

चि. दर्शनास,
अनेक आशीर्वाद.

बाय, क्लच प्लेट उलटी बसली आहे. मधला फुगीर भाग बॉक्सकडे पाहिजे, तुमच्याकडे तो इंजिनाकडे गेला आहे आणि इंजिनाच्या फ्लायव्हीलला घासतो आहे. म्हणून क्लच सुटत नाही. बॉक्स परत उतरवावा लागेल, इलाज नाही.

ती प्लेट लावली कोणी, तू की चंदूने? तू लावली असशील तर बरे. बत्तीस वर्षे मी त्याच्या शेजारी काम केले. लाइट गेली तरी हाताने चाचपून प्लेट लावणारा माणूस तो, एकदाही उलटी लावली नाही. त्याने लावली असेल तर त्याला बोलून दाखवू नकोस.

एक विचारतो. तो लिहू शकतो का? नीट चौकशी करून कळव.

भाऊकाका


मरोळ
२६ जानेवारी २०२५

ती. भाऊकाकांस,
सा. न. वि. वि.

प्लेट बाबांनीच लावली होती, माझ्यासमोर. मी लाटणं धरलं होतं. तुम्ही म्हणालात तसं काही बोलले नाही, चहाला त्यांना वर पाठवलं आणि प्लेट फिरवली.

लिहिण्याचं विचारलंत. काका, गेल्या गणपतीपासून त्यांना सहीसुद्धा करता येत नाही. पेन धरतात, कागदावर टेकवतात आणि तसेच थांबतात. दिवाळीनंतर एकदा त्यांनी आईकडून पाकिटावर तुमचा पत्ता लिहून घेतला होता. पाकीट स्वतः चिकटवलं, स्वतः पेटीत टाकून आले. आत काय घातलं ते आईला दाखवलं नाही. तुम्हाला मिळालं का ते?

गाडीचं म्हणाल तर आता गिअर पडतात, पण क्लच सोडताना ती थंडी भरल्यासारखी थडथडते आणि बॉक्समधून घूं असा आवाज येतो. तिसऱ्यांदा बॉक्स उतरवला. निलेशने बॅटरी मारून पाहिलं, बॉक्स सरळ बसावा म्हणून ज्या दोन पेराएवढ्या लोखंडी खुंट्या असतात त्यातली एकच आहे. दुसऱ्या भोकात काही नाही. नवी आणली, तर बाबांनी ती हातातून हिसकावून गटारात फेकली. ही नव्हे म्हणाले. जुनी कुठे ठेवलीत विचारलं, तर हसले. घर उलटंपालटं केलं, तांदळाचा डबासुद्धा सोडला नाही. कुठे ठेवली असेल त्यांनी? तुमच्याशिवाय कोणाला विचारू?

दर्शना


कसाल
१ फेब्रुवारी २०२५

चि. दर्शनास,
अनेक आशीर्वाद.

खुंटी माझ्याकडे आहे.

तुला आमच्या गॅरेजची रीत माहीत नसेल. बॉक्स उतरवला की चंदू एक खुंटी काढून माझ्या हातात द्यायचा आणि मी ती खिशात ठेवायचो. चढवताना ती मीच लावायची, थोरल्याच्या हाताने. त्याशिवाय बॉक्स जोडायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो, मी जेवायला गेलो असलो तर चंदू थांबायचा.

नोव्हेंबरात पाकीट आले. आत खुंटी, चिठ्ठी नाही. अर्थ मला तेव्हाच कळला. तू ये, तुझ्याशिवाय जोडत नाही. पण मी म्हटले, चार माणसांत मला बहिरा म्हणालास, तर दोन शब्द लिहून माफी माग, मग येईन. चिठ्ठी का नाही म्हणून मी खुंटी तपकिरीच्या डबीत टाकली आणि तीन महिने फुगून बसलो. त्याला लिहिता येत नसेल हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही. तुझी पत्रे आली तेव्हाही मी तुला प्लेटा शिकवत बसलो. थोरला असून मी गाढव ठरलो, बाय.

गुडघे गेले खड्ड्यात. पुढच्या आठवड्यात येतो. तुम्ही निघू नका.

भाऊकाका


कसाल
१५ फेब्रुवारी २०२५

चि. दर्शनास,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी तू ऑफिसातून यायच्या आत मी निघून आलो, तुला राग आला असेल. तुझ्यासमोर माझा धीर राहिला नसता. काय झाले ते लिहितो. नलिनी शेजारी बसून त्याचे बोलणे मला वहीच्या पानांवर लिहून दाखवत होती.

चंदू गाडीजवळ स्टुलावर होता. मला पाहून उठला, नमस्कार केला, कुठून आलात विचारले. मी भाऊ आहे म्हणून सांगितले. त्याने मान डोलावली आणि गाडी कसली, असे विचारले. मी डबीतून खुंटी काढली आणि वाकलो. तेव्हा त्याने माझे मनगट धरले. अजून जोर आहे त्याच्या हातात. म्हणाला, तुम्ही नका लावू, ही माझ्या भावाची आहे. मी त्याला पाठवली आहे. तो येतलो.

मी कितीतरी वेळा सांगितले. नलिनीनेही सांगितले. मग त्याचा चेहरा घाबरल्यासारखा झाला, तेव्हा मी सांगणे सोडले. खुंटी त्याच्या हातात दिली. ती त्याने शर्टाच्या खिशात ठेवली आणि मला दुसरे स्टूल दिले. तीन तास आम्ही दोघांनी तिथे बसून माझी वाट पाहिली.

आता तू गाडी जोडायची घाई करू नकोस. इकडे आणून तरी तो कोणाला भेटणार? भाऊ न येताच काम झाले असे त्याला वाटायला नको. बॉक्सवर तेवढा तेलाचा बोळा फिरवत जा, गंज धरतो. मी महिन्याच्या महिन्याला येईन. कसालचे गिऱ्हाईक आले म्हणून सांग, म्हणजे तो स्टूल देईल.

निलेशरावांना आशीर्वाद. नलिनीला नवे लाटणे पाठवतो आहे, आपल्या फणसाच्या लाकडाचे. माया पातळ करू नकोस.

भाऊकाका

ता. क. निघताना त्याने मला थांबवून काही सांगितले. मला ऐकू आले नाही. नलिनीने पानावर लिहून दिले, ते पान मी घेऊन आलो आहे. त्यावर असे आहे की, तुमच्या वाटेवर कसाल लागत असेल तर माझ्या भावाला एवढा निरोप द्या, त्या दिवशी मी चारचौघांत बोललो ते चुकलं, त्याने मनात ठेवू नये.

निरोप पोचला म्हणून त्याला सांग.