शेवटचा ए

मखमलाबाद, नाशिक
४ ऑक्टोबर २००४

ती. ताईस, गोरक्षचा सा. न. वि. वि.

शेवटच्या वळणावर मी आतून घुसलो, पुढचा कठड्यावर आदळला, आणि तेवढ्यात आईने बाहेरच्या खोलीतला फोन उचलला. इंटरनेटची लाइन तुटली. सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. आई रिसीव्हर कानापासून लांब धरून म्हणत होती, हा कोण शिट्ट्या मारतोय.

आपल्या रेसच्या गेमचा नवा भाग आला आहे. पहिला भाग आपण एका कीबोर्डवर दोघे खेळायचो. डावीकडची बटणे तुझी, बाण माझे, तुझे कोपर माझ्या बरगडीत. नव्यात ते काढून टाकले. एका पडद्यावर आता एकच गाडी. सोबतीला कोणी हवा असेल तर तो इंटरनेटवरून येतो. एक पोलंडचा आहे, एक मनिलाचा. तोंड कोणालाच नाही, फक्त नाव. मी दुपारी असतो. सटाण्याच्या सायबर कॅफेत हा गेम असेल तर तूही ये. सहा नोव्हेंबरला आमची फायनल आहे.

आबा झेंडूत आहेत. दिवाळीपर्यंत त्यांना मान वर करायला वेळ नाही.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच. राग असला तर पुढच्या पत्रात कळव.

तुझा
गोरक्ष


सटाणा
१२ ऑक्टोबर २००४

चि. गोरक्ष यास, अ. उ. आ.

रोज फोन लावते, रोज एंगेज. म्हणून हे पत्र. तुझ्या पोलंडवाल्याला तू लगेच सापडतोस, बहिणीला पाकीट चिकटवावे लागते.

आबांनी इकडे निरोप दिला आहे की गोरक्ष सहा नोव्हेंबरला मुराळी म्हणून येईल. तुझ्या पत्रातही सहाच आहे. दोन सहा तारखा नसतात. लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी आहे. माहेरचा माणूस न्यायला आल्याशिवाय सून पाठवायची नाही, अशी यांच्यात पद्धत. हे पाडव्याला येतील, पण ते जावई म्हणून. मला न्यायला तूच यायला हवास.

इथे सगळे चांगले आहेत. तरी मी दिवसातून चार वेळा गच्चीवर जाते आणि कशाला आले ते न आठवून खाली येते. धाकट्या दिरांच्या कॉम्प्युटरवर आपला तो पहिला भाग आहे. दुपारी घर झोपले की मी दोन्ही हातांनी दोन्ही गाड्या चालवते. डावी जिंकते.

लोभ असू दे, लाइन मोकळी असू दे.

तुझी
ताई


मखमलाबाद
२० ऑक्टोबर २००४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तारखेचे मी बघतो. फायनल दुपारी आहे. सात तारखेला आलो तर तुझ्या सासूबाई रागावतील का? विचारून ठेव. माझे नाव सांगू नकोस, आबांचे सांग.

परवा गंमत झाली. सैतान नावाचा एकजण आला. नुसता मला चिकटून, डाव्या बाजूने घासत. पुढे जाईना, मागे राहीना. मी त्याला लिहिले, गाडी चालवतोस की म्हैस हाकतोस? इंग्रजीत ते नीट बसले नाही. मग आम्ही मत देऊन त्याला बाहेर काढले. तसे करता येते. पहिले मत माझे.

तू आली नाहीस. वाट पाहिली.

मायेत काटछाट नको.

तुझा
गोरक्ष


सटाणा
२६ ऑक्टोबर २००४

चि. गोरक्ष यास, अ. उ. आ.

तो सैतान मी.

नणंदेला सोबत घेऊन, मार्केटला जाते सांगून गेले होते. कॅफेवाल्याने विचारले, नाव काय टाकू? मी गावाचे नाव सांगितले. वाटले, जगात दुसऱ्या कोणाला नाही तरी तुला कळेल. एस, ए, टी, ए, एन, ए. शेवटचा ए तू वाचला नाहीस.

डावीकडून चिकटले होते, कारण मी तुझ्या डावीकडेच बसते. म्हैस मला कळली. पडद्यावर काहीतरी इंग्रजीत आले आणि मी एकदम बाहेर. नणंद म्हणाली, वहिनी, लाइन गेली का? मी हो म्हणाले. पहिले मत तुझे होते, हे तुझ्या पत्रातून कळले.

सात तारखेचे मी कोणाला विचारणार नाही. यायचे तर सहाला ये.

आईला सांग, फराळाचे मी आल्यावर करू.

रूपाली


सटाणा
६ नोव्हेंबर २००४, संध्याकाळ

चि. गोरक्ष यास,

तुझे उत्तर आले नाही. सकाळपासून बॅग ओट्यावर होती. एसटीचा हॉर्न वाजला की सासूबाई आतून विचारायच्या, मुराळी उना का? दुपारी त्यांनी विचारणे सोडले. ते जास्त वाईट होते. मी बॅग आत घेतली.

मग कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला. एंगेज. परत आले आणि सगळ्यांसमोर सांगितले की तुला ताप आहे, अंथरुणात आहेस, आईशी बोलणे झाले. सासूबाईंनी लगेच देवापुढे तुझ्या नावाने नारळ ठेवला. आता मला त्या नारळाकडे बघवत नाही.

तुझ्यावर रागावले आहे का, हे मला नीट सांगता येत नाही. घरात बसवत नाही आणि बाहेर जायला जागा नाही, एवढेच आहे. तू येऊ नकोस. हे पाडव्याला येतील तेव्हा त्यांच्याबरोबर, सासूबाई पाठवतील तर, मी येईन. नाहीतर नाही. जिंकलास का, ते मात्र कळव.

ताई

रविवार. पत्र टाकले नाही. सकाळी पहिल्या एसटीने गोरक्ष आला. सासूबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवून विचारले, ताप उतरना का? त्याने माझ्याकडे पाहिले आणि उतरला म्हणाला. चहा घेऊन आम्ही निघालो.