नोएमियाचे नवे कान

७ मे
शस्त्रक्रियेनंतर आज नोएमियाच्या कानामागचं यंत्र चालू झालं. डॉ. लिझियाने कळ दाबली आणि नोएमियाने खुर्चीचा हात घट्ट धरला. मी म्हटलं, "नोएमिया." ती बघतच राहिली. "तू असा बोलतोस? बदकासारखा?"

अकराव्या वर्षी तापात तिचे कान गेले. आता चौपन्न. डॉक्टरांनी आधीच बजावलंय — शब्द हळूहळू लागतील, संगीताचं काही सांगता येत नाही. "फार आशा धरू नका, सेन्योर बेलार्मिनो." मी मान डोलावली. आशा धरलीच.

८ मे
सकाळी तिच्यासमोर गिटार घेऊन बसलो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, माझं वाजवणं तिने फक्त पाहिलंय. थोडं ऐकलं, मग हळूच म्हणाली, "चमचे धुतल्यासारखं वाटतं."
मी हसलो. न्हाणीघरात जाऊन उगाच तोंड धुतलं.

१२ मे, रविवार
माझा धाकटा भाऊ क्लोविस आला. चमच्यांचं सांगितलं तर माझ्यावरच उखडला. "दादा, दुखण्यातून उठलेल्या माणसाला कुणी घेवडा-मांसाचा जड फेजोआदा वाढतं का? आधी पेज देतात." गाडीतून आपला मोठा ढोल काढला, अंगणात आणला. "ही घ्या वहिनी, सांबाची पेज."

फक्त ढोल. दुसरं काही नाही. एक हलका ठोका, एक जड. नोएमियाने डोळे मिटले. हे तिला स्वच्छ ऐकू येत होतं, चेहऱ्यावरून कळलं.
"लंगडा माणूस चाललाय," ती म्हणाली. "दुसरा पाय जोरात टाकतो. पण मजेत आहे."
क्लोविस माझ्याकडे बघायला लागला. ढोल काही थांबवला नाही.

२० मे
ताल कळतो, सूर नाही — असं आहे एकंदर. ती घासलेल्या पातेल्यावर अंगठ्याने सांबा वाजवते. घेवडा शिजतोय आणि पातेलं वाजतंय. मी दारामागे उभा राहून ऐकतो. समोर गेलो की थांबते.

२ जून
आज बोसा नोवा. एक गिटार, एक गळा. गळा माझाच — त्याची तिला आता ओळख झालीय. अगदी खालच्या पट्टीत म्हटलं. "समुद्र" हा शब्द तिने पकडला! दोनदा.

मग विचारात पडली. "हा तोच लंगडा माणूस ना? घरात कुणीतरी झोपलंय, म्हणून चवड्यांवर चालतोय."
बोसा नोवा सांबातूनच निघालेला, याहून नीट मला नसतं सांगता आलं. तिच्या कपाळाची पापी घेतली. यंत्राला धक्का लागला, ते कानामागून निसटलं. दोघंही हसलो.

९ जून, रविवार
घाई केली. नडली.

शोरो ऐकवला. माझा जीव की प्राण. बासरी, छोटी गिटार, मोठी गिटार, सगळे एकमेकांच्या मागे धावतात, चिमटे काढतात, पुन्हा गळ्यात पडतात. मित्रांना मुद्दाम बोलावलं होतं. नोएमियाचा चेहरा आक्रसत गेला. तिने यंत्र काढलं, आत जाऊन खणात ठेवून दिलं.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, जरा धीर धरला असतास तर. तिने वळून बघितलं. "मला कोंबडा ऐकायचाय. शेजारीण कुणाशी भांडते ते ऐकायचंय. तू रोज मला परीक्षेला बसवतोस, बेलो. तुझ्यासाठीच ऐकतेय मी. माझ्यासाठी कधी ऐकू?"

१० जून
खण बंद. बोलणं बंद.

११ जून
कॉफी करून नेली आणि चुकलो म्हणालो. पुढचं काय ते तूच सांग. तिने कप रिकामा केला. मग म्हणाली, "अकॉर्डियन." एवढंच.
माझ्या डोक्यात असला मूर्ख क्रम होता — आधी हे, मग ते. तिचं गाव तिकडे ईशान्येला, पाराइबात. कान शाबूत होते तेव्हा तिने काय ऐकलं होतं, हे मी विचारलंच नव्हतं.

२५ जून
काल संत जॉनचा सण. पाराइबाच्या लोकांच्या अंगणात गेलो. होळी पेटवलेली, मक्याचा केक, आणि तिघंच वाजवणारे — ढोल, लोखंडी त्रिकोण, अकॉर्डियन.

"अकॉर्डियन बकरीसारखं ओरडतंय," ती म्हणाली. मला वाटलं, झालं, पुन्हा चमचे. पण तिचा पाय हलत होता. मग दुसरा. "बेलो, हे मला येतं."
मला हा नाच येत नाही. मी रिओचा. तिनेच कमरेला धरून फिरवलं मला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गुणगुणत होती, एकही सूर जागेवर नव्हता. एरवी सूर हलला की माझे दात आंबतात. काल नाही आंबले. थांबूच नये वाटलं.

१४ जुलै, रविवार
आज अंगणात सगळे जमलो तेव्हा नोएमिया आपणहून गोलात येऊन बसली. क्लोविसने तिला काडेपेटी दिली. सांबात काडेपेटी नखांनी वाजवतात, सोपं नाही ते. तिची बोटं छान चालली होती. मीच दोनदा मागे पडलो.

नंतर म्हटलं, "जरा मोठ्याने वाजव, लाजू नकोस." क्लोविस ढोलावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "काय बोलतोस दादा? अख्ख्या अंगणात वहिनीच ऐकू येत होती."
नोएमियाने माझ्या कानाजवळ काडेपेटी धरली. बोटं हलताना दिसली.

२३ जुलै
आज तपासणीच्या बंद खोलीत डॉ. लिझियाने मला बसवलं. बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत. उरलेलेही जातील, किती दिवसांत ते सांगता येत नाही. आयुष्यभर ढोलांच्या शेजारी बसलो.

घरी येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून होतो. त्रेचाळीस वर्षं लोकांचे ओठ वाचत आलेली माझी बायको. तिने हनुवटीला धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं.
"इकडे बघ," म्हणाली. "सोप्या शब्दांपासून सुरू करू."