तंबूसाठी बांधलेली खोली

आधी सगळ्यांची खुशाली विचारते, वाटणीचं मग. फांताये बाळा, तुझी कंबर कशी आहे? पिठाची पोती स्वतः उचलू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? झेमझेम, थंडीत तुझा भाजलेला हात अजून आखडतो का? शेकत जा, आळस करू नकोस. अस्फाव भावजी, तुमच्या पोटातली जळजळ शमली असेल अशी आशा करते. आणि गाशे शिफेराव, तुमचे गुडघे कसे आहेत? चर्चच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबता असं कानावर आलंय. मी बरी आहे. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. खाणावळीत जन्म गेला, थकणारच.

आता मुख्य गोष्ट. मी, यशीमेबेत वोल्दे, दिवंगत टेकले यांची पत्नी, राहणार देसी शहर, बसअड्ड्यामागची चढाची आळी, 'यशी भोजनगृहा'ची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून सहीला बसवलेलं नाही. अक्षर वाकडं आहे ते मोठेपणी गिरवल्यामुळे, हात कापतो म्हणून नव्हे.

पहिलं. मला मूलबाळ नाही. माझ्या पश्चात भोजनगृह, त्यातली भांडीकुंडी, मेजं-खुर्च्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या बहिणीची मुलगी फांताये हिला मिळावी. त्यावर दुसऱ्या कोणी हक्क सांगू नये. फांताये, मिळकतीबरोबर धोकाही तुझ्या नावावर होतो, हे ध्यानात ठेव. विम्याची मुदत संपण्याआधी हप्ता भरत जा. तहान लागल्यावर विहीर खणू नये. विम्याच्या कागदावर चुली जितक्या आहेत तितक्याच लिही. एक लपवलीस तर नेमकी तीच पेटेल. तेलाचे डबे चुलीपासून लांब ठेव. वाळूची बादली आगीसाठी आहे, गिऱ्हाइकांची सिगारेटची थोटकं विझवायला नव्हे. सणाला कच्चं मांस वाढशील तेव्हा तपासणीचा शिक्का मारलेलंच घे आणि खाटकाची पावती जपून ठेव. कोणाचं पोट बिघडलं तर तो तुझ्या हातची चव विसरेल, तुझं नाव विसरणार नाही. आणि कामावरच्या बायकांचा अपघाताचा विमा कधीही बंद करू नये. झेमझेमचा हात भाजला तेव्हा तो नव्हता. दवाखान्याचा खर्च मी केला, पण महिनोन्‌महिने हात चालला नाही त्याची भरपाई कोण करणार?

दुसरं. झेमझेमला माझा कॉफीचा सगळा सरंजाम द्यावा. मातीची सुरई, शेगडी, कप, तबक सगळं. दाराजवळचा तिचा कॉफीचा कोपरा ती आहे तोवर तिचाच, बिनभाड्याचा. तिला उठवणाऱ्याचं अन्न आळणी होवो.

तिसरं. धाकटे दीर अस्फाव यांना जळकं झाकण द्यावं. भोजनगृहाला आग लागली तेव्हा इंजेरा भाकरी भाजण्याच्या तव्यावर होतं ते. विझवायला आले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी चौकात म्हणाले, "यशीनेच काडी लावली असणार, विम्यासाठी." झाकण भिंतीवर टांगा, भावजी. पुढच्या वेळी तोंडावर ठेवायला हाताशी असेल.

चौथं. हे लिहिण्यासाठीच कागद घेतला. वरची तीन कलमं तोंडीसुद्धा भागली असती.

आळीचं इदिर, म्हणजे कुणाकडे माणूस गेलं की तंबू, बाकं आणि हंडे घेऊन धावणारी आमची मंडळी, तिचं सामान माझ्या सासूच्या काळापासून आमच्याच कोठीत असायचं. गाशे शिफेराव तेव्हापासून मंडळीचे प्रमुख. 'गाशे' म्हणजे दादा, आणि तेही मला पाठच्या बहिणीसारखं मानायचे.

भोजनगृहाचा विमा उतरवायचा ठरला. पाहणीला आलेल्या हिरुतबाई कोठीच्या दारात थबकल्या.

"हे काय आहे?"

"इदिरचा तंबू."

"मेणकापडी? आणि भिंतीपलीकडे चूल?"

"हो."

"मग मी सही करणार नाही, बाई. सामान तुमचं नाही, म्हणून त्याची भरपाई मिळायची नाही. पण पेटलं तर तुमच्या छपराला घेऊनच जाईल."

मला पटलं. त्याच आठवड्यात गाशे कॉफीला आले. पहिला कप झाला, दुसरा झाला. तिसरा बरकतीचा. तो पिऊन झाला की जड गोष्ट बोलावी, ही आमची रीत. मला तेवढा दम निघाला नाही.

"गाशे, तंबू हलवावा लागेल. विमावाले नाही म्हणतात."

"विमावाले? यशी, तुझ्या सासूच्या मयतीला तंबू कोणी ठोकला होता? त्यांनी?"

"तसं नाही हो. चुलीला लागून आहे. उद्या पेटला तर?"

"इतकी वर्षं पेटला नाही तो."

"पेटला नाही तोवरच विमा काढतात. पेटल्यावर कोण काढून देतो?"

शेगडीजवळ बसलेली झेमझेम फिसकन हसली. तिथेच बिनसलं. गाशेंनी कप तबकावर पालथा घातला आणि उठले. "तुझी बरकत त्यांनाच पाज."

सकाळी गाढवांवर लादून सगळं सामान गेलं. मी मंडळीच्या बैठकीला गेले नाही. बोलावणं येईल म्हणून वाट पाहत राहिले. तेही वाट पाहत असावेत. सलग गैरहजर राहणाऱ्याचं नाव नियमाप्रमाणे निघतं, तसं माझं निघालं. मला कोणी काढलं नाही, म्हणून भांडायलाही कोणी उरलं नाही.

मग मोठ्या उपासाच्या दिवसांत, तेलाचा वापर वाढतो तेव्हा, कढई पेटली. भिंत गेली, कोठी बसली. कोठीत कांद्यांपलीकडे काही नव्हतं, म्हणून बायका तिच्या मागच्या दाराने सुखरूप निघाल्या. तंबू असता तर निघाल्या नसत्या. कंपनीने ठरल्याप्रमाणे भरपाई दिली. मी बरोबर ठरले. आमच्याकडे सगळे एकाच ताटात जेवतात, पण या बरोबरपणाच्या ताटात माझ्याबरोबर हात घालायला कोणी बसलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात टेकले गेले. भोजनगृहाच्या खुर्च्या रस्त्यावर मांडल्या, माणसं भिजत बसली. समोर शिंप्याच्या वळचणीला गाशे उभे होते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मिटलेली छत्री हातात, आणि तेही भिजलेले.

झेमझेम कानाशी म्हणाली, "हाक मारा ना, बाई. तोंड दिलंय ना देवाने?"

"त्यांना पाय दिलेत."

"दोघांना थोडी अक्कल दिली असती तर तिघांचं भलं झालं असतं. टेकले काकांचंसुद्धा."

मी हाक मारली नाही. रस्ता दोन गाड्या जाण्याइतकासुद्धा रुंद नाही.

वर्षश्राद्ध उरकल्यावर मी भरपाईतून उरलेल्या पैशांतून अंगणाच्या पार टोकाला विटांची खोली बांधली. चुलीपासून लांब, पत्र्याचं दार, वर हवेला झरोका. हिरुतबाई पाहायला आल्या. "ही कशासाठी?" "तंबूसाठी." "कुठे आहे तंबू?" "येईल." त्यांनी कागदावर खोली चढवली. तेव्हापासून दर वर्षी मी रिकाम्या खोलीचा हप्ता भरते. देसीत असं करणारी मी एकटीच असेन. हे आधी सुचलं असतं, तर दोन्ही साधलं असतं. सुचायला टेकलेंची मयत ओली व्हावी लागली.

ही खोली, जाण्यायेण्याच्या वाटेसह, मी इदिरला कायमची देत आहे. एकट्या कोणाला नव्हे, मंडळीला. हप्ता भोजनगृहाच्या उत्पन्नातून फांतायेने भरावा. फांतायेने स्वतःचं नाव मंडळीत नोंदवावं आणि बैठक चुकवू नये. भिंत पडली तर कंपनीकडे जावं. माणूस पडलं तर कंपनीकडे जाऊन काय करणार?

माझ्या मयतीला तंबू ठोकावा अशी अट मी घालत नाही. अट घालून आणलेला तंबू भाड्याच्या तंबूसारखाच. ठोकला तर ठोकला.

वरील सर्व मजकूर मी पहिल्या तीन साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आहे.

यशीमेबेत वोल्दे (सही)

साक्षीदार
१. अब्बा गेब्रेयेस तादेसे, पुरोहित (सही)
२. सईद यिमाम, शिंपी (सही)
३. हिरुत असेफा, विमा निरीक्षक (सही)
४. ____________

देसी, हिदार १२, २०१६

चौथ्या सहीवाचून हा कागद उभा राहणार नाही, असं नोंदणीतल्या कारकुनाने बजावलंय. दुसरं माणूस चुटकीसरशी मिळेल. फांतायेचा जीव टांगणीला आहे, तिने दोघांची नावं सुचवलीसुद्धा. मी म्हटलं, थांब. गाशे शिफेराव, ती जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय. खोलीची किल्ली या कागदाबरोबर पाठवत आहे. सही मी मेल्यावर उपयोगाची आहे. तुम्ही त्याआधी या. दोन कप तुमचे झालेत, झेमझेम तिसऱ्यासाठी निखारे फुलवून ठेवेल, आणि या वेळी ती हसणार नाही. गुडघे चढ चढू देत नसतील तर मीच उतरून येते, तेवढं कळवा. पण उत्तर लवकर धाडा.