रंगनाथची ओळ

कृष्णराजनगर,
४ ऑगस्ट २०२४

चि. रंगनाथ यास अ. उ. आ.

ऑपरेशनात गळ्याचं दुखणं गेलं आणि त्याबरोबर तुझा आवाजही गेला, तेव्हापासून फोन हातात घ्यावासा वाटत नाही. पलीकडे तू असणार आणि बोलणार तुझी बायको, वनजा. म्हणून हे पत्र.

ती सांगत होती, तू अजून रोज संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात भजनाला जातोस. खरं सांगते, मला रागच आला. वर्षभर मी एकादशा निर्जळी केल्या. मागितलं काय, तर भावाचा गळा. तोही त्याच्याच भजनासाठी! जीव वाचला ना, म्हणून शेजारणी समजूत घालतात. तू गायचास कसा, हे त्यांना काय ठाऊक? मी तर देवाला 'साकु' म्हटलं, आता पुरे. दिवा लावणं सोडलंय. तू कशाला जातोस रे तिथे?

गिळताना दुखतं का? वनजाला पेज पातळ करायला सांग. ओरडले तरी माया तेवढीच आहे.

तुझी,
गिरिजाअक्का

म्हैसूर,
१८ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं ओरडणं पोचलं. पेज उतरते घशाखाली. दुकान चालू आहे. बाही अर्धी की पूर्ण, हे कापायच्या टेबलावर खडूने लिहून विचारतो. गिऱ्हाइकं उगाच मोठ्याने बोलतात, जणू माझे कानच गेलेत.

देवळाचं विचारलंस. पहिली ओळ मी म्हणायची आणि मंडळींनी ती उचलायची, ही इतक्या वर्षांची रीत. माझ्या जागी दामोदरराव उभे राहिले, तेव्हा मला भर देवळात रडू आलं. मीही विचारलं गं विठ्ठलाला, गळाच का नेलास? तरी संध्याकाळ झाली की पाय तिकडेच वळतात. दुसरीकडे कुठे जाऊन रडू?

परवा एकादशीला भजन सुरू होताना सवयीने माझं तोंड उघडलं. श्वासासाठी मानेला पाडलेल्या भोकातून नुसती हवा आली. दामोदररावांनी ते पाहिलं आणि ते थांबले. टाळ थांबले. ओळ म्हणायला लागतो तेवढा वेळ सगळे गप्प उभे होते. मग सगळ्यांनी ती उचलली, मी म्हटल्यासारखी.

आवाज परत यायचा नाही, अक्का. ते मी धरून चाललोय. माझी ओळ मात्र रोज म्हणतो. विठ्ठलाला ऐकू येते की नाही, ठाऊक नाही.

तुझा राग असू दे, आणि आमच्यावरचा लोभही.

तुझा,
रंगनाथ