शुक्राचं कुणी विचारलं होतं?

१२ फेब्रुवारी ८९, रविवार. जळगाव

आबा हो म्हणाले! काल जेवताना, ताटावरची नजर न उचलता. "धुळ्याचा तो मास्तर... येऊ दे त्याच्या घरच्यांना." आई पाण्याच्या निमित्तानं आत गेली ती डोळे पुसूनच बाहेर आली.

आज सुधाकरला सांगायला स्टँडवर गेले. धुळे गाडीतून सगळे उतरले, मग एक लांबलचक पांढरा पाईप उतरला, आणि त्याच्यामागून सु. कंडक्टर ओरडतोय, "बोअरिंगचा माल टपावर टाका म्हणून मघापासून सांगतोय!" आणि हा त्याला शांतपणे समजावतोय: बोअरिंगचा नाही हो, दुर्बिणीचा आहे, आत आरसा बसेल, तो मीच घासलाय. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलंच.

मी म्हटलं, आबा हो म्हणाले. कान लाल झाले त्याचे. नुसता हसत उभा. मग काय म्हणावं यानं? "तुमच्या गच्चीवर ठेवता येईल का गं ही?"

संतापच आला. आणि हसू पण. पॉलिटेक्निकात शिकवतो, आणि घरी पिंपाभोवती गोल गोल फिरत काच घासत बसतो. बोटांना त्या पावडरीचे चरे. गजरा म्हणून कधी आणला नाही. चंद्राचा नकाशा आणला, त्यातल्या एका खड्ड्यावर पेन्सिलीनं माझं नाव. तो मी उशीच्या अभ्र्यात ठेवलाय. त्याला सांगितलेलं नाही, उगाच शेफारेल.

१९ फेब्रु.

आईची घाई चाललीय. आबांचे थोरले भाऊ, नाना, धरणगावहून बोलणी करायला येणार. त्यांनी माझ्यासाठी दोंडाईच्याचं स्थळ धरून ठेवलंय, मिरचीचे व्यापारी. नानांसमोर आबांचा आवाज निघत नाही. तेव्हा आबा हो म्हणालेत तोवर उरकून घ्यायचं, असं आईचं.

गुरुजींकडून एप्रिलची तारीख काढून घेतली. ते म्हणाले, तेव्हा शुक्राचा अस्त आहे, लग्नं होत नाहीत; पण अडचण असली तर चालतात असे थोडे मुहूर्त पंचांगात असतात, त्यातला देतो. आई म्हणाली, द्या, आणि अस्ताचं नाव काढू नका. नानांपुढं नाही, आबांपुढंही नाही. मला दम भरला, "चकार शब्द बोलायचा नाही कुणाजवळ." मी कशाला बोलते!

२६ फेब्रु., रविवार

वाटोळं झालं सगळं.

छान चाललं होतं. सु.चे आईवडील साधे, गोड. पोहे झाले, गुरुजींनी तारीख वाचली, नाना "हां, हां" करत होते. ताटात सुपारी ठेवलेली. ती फोडली की पक्कं. अडकित्ता आबांच्या हातात होता, हातात!

तेवढ्यात नानांना गंमत सुचली. सु.कडं वळून म्हणतात, "पोऱ्या, तू आकाश देखस म्हने. मंग सांग, आते कोनता ग्रह कोठे शे?"

आजपर्यंत कुणी विचारलं नसेल त्याला असं. तोंडावर नुसता उजेड पडला. सरसावून बसला, गुरू कुठं, मंगळ कुठं, हातवारे करून. आणि मग, "शुक्र मात्र नाही बघायला मिळणार नाना. सूर्यामागं चाललाय. थेट मे महिन्यात दिसेल."

गुरुजी पंचांग मिटायला लागले. नाना म्हणाले, "म्हनजे अस्त शे." आणि आबांकडं पाहिलं. आबांनी आईकडं. आईनं जमिनीकडं.

आबांनी अडकित्ता खाली ठेवला.

आणि हा? हा अजून बोलतोच आहे! "हो हो, अस्तच, बरोबर ओळखलंत."

२७ फेब्रु.

आबांना ग्रहाचं काही नाही. आईला म्हणाले, "माझ्याच घरात मला फसवलंस." तेवढंच. रात्री जेवले नाहीत. आई माझ्याशी बोलत नाही, जणू मीच त्याच्या तोंडात शुक्र कोंबला. सुपारी तिनं देव्हाऱ्यात नेऊन ठेवलीय.

बँकेत आज दोन व्हाउचरं चुकवली. साहेब विचारतात, बरं नाही का? बरं कसं असेल?

५ मार्च, रवि.

मेहरूणला भेटलो. तलावाच्या बांधावर मी एवढी ओरडले की म्हशी धुणारा माणूस बघत राहिला.

तो म्हणे, "शुक्र दिसत नाही एवढंच मला माहीत. त्याचा लग्नाशी काय संबंध?"

"सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे संबंध!"

"मला नव्हता ना. तुला होता. मग मला सांगितलं का नाहीस?"

आईनं तोंड बंद केलं होतं माझं. हे म्हटलं तर म्हणतो, "म्हणजे तारीखच चुकीची होती, मी सांगितलं ते बरोबर होतं." अरे देवा! बरोबर होतं म्हणे! पाठ फिरवून घरी आले. थोडा वेळ मागं मागं येत होता, मग नाही आला. यायला हवं होतं.

१४ मार्च

सु.चं पत्र. माफी मागितलीय. आणि खाली आकृती! मध्ये सूर्य, अलीकडं पृथ्वी, पलीकडं शुक्र. कोपऱ्यात बारीक अक्षरात: "आकृती प्रमाणात नाही."

फाडणार होते. नाही फाडलं. अभ्र्यात कोंबलं.

९ एप्रिल, रवि.

नाना दोंडाईच्याच्या लोकांना घेऊन आले, न कळवता. मुलगा वाईट नाही. चहा संपेपर्यंत त्याच्या तोंडून एक वाक्य आलं, "बँकेची नोकरी लग्नानंतर नाही चालणार, आमच्यात पद्धत नाही." आबा खाली मान घालून बसले. मी बशा उचलल्या त्या मोरीत आपटल्याच. एक फुटली. आईनं मुकाट तुकडे गोळा केले, मला रागावली नाही. म्हणजे तीही त्यांच्यावर चिडलीय.

८ मे, अक्षय्य तृतीया, आमची आखाजी

आते-चुलत बहिणी सगळ्या माहेरी आल्यात, धरणगावला नानांच्या दारच्या लिंबाला झोके. मी झोक्यावर बसले की सगळ्या फिदीफिदी, "हिचा शुक्र बुडाला गं!" बुडो तुमचाच.

आणि सु. आला! धुळ्याहून थेट, बोलावलं नसताना. नानांच्या पाया पडला. म्हणाला, अस्त संपत आलाय, आता तारीख धरा. नाना ओसरीवर पत्ते कुटत होते, वर न बघता म्हणाले, "अस्त तुन्हा तोंडे सांगा ना, मंग उदय बी तूच दखाड." म्हणजे पंचांगात छापलेला चालणार नाही, यानं आकाशात, डोळ्यांना दाखवायचा. दिसला तर नाना मध्ये पडणार नाहीत. नाही दिसला तर दोंडाईचा.

सु. म्हणे, "दाखवतो." आनंदानं! पैज लागल्यासारखा! आबाही मान डोलावताहेत. भर आखाजीला ओसरीभर माणसं होती. माझ्या जन्माचा सौदा चालला होता आणि मी सांजोऱ्या वाढत होते. सु.च्या पानात मुद्दाम करपलेली टाकली. खाल्ली त्यानं, कळलंही नाही.

१८ मे, गुरुवार

दोंडाईच्याचे रविवारी येणार, शेवटचं विचारायला. म्हणून आज मेहरूणला गेलो. आबा, नाना, गुरुजी, सु. आणि तो पाईप. मला का नेलं? थर्मास धरायला.

सूर्य बुडाला. आभाळ धुळीनं गढूळ. सु. पाईप फिरवतोय, "थांबा, थांबा, आत्ता येईल." नाना डोळा लावतात, "काय बी नही." मग गुरुजी. मग आबा. मग परत सु., शर्ट घामानं चिकटलेला. इतका कीव येण्यासारखा कधी दिसला नव्हता. तरी माझा राग जाईना.

मी बांधावर उभी. पाण्यापलीकडं, बाभळीच्या जरा वर. होता. पांढरा, टपोरा. काही पाईपबिईप लागत नव्हता. तिघांचे डोळे नळीपाशी, सु.चा हात स्क्रूवर, आणि तो समोर राजरोस बसलेला.

तोंड उघडलंच होतं मी. आबा वळले. मला वाटलं, विचारतात. म्हणाले, "चहा आहे का गं अजून?"

चहा ओतला. सगळ्यांना दिला. एकानंही विचारलं नाही, पोरी, तुला काही दिसतंय का. तोवर तो बाभळीत गेला. नाना म्हणाले, उद्या एक दिवस देतो, बस.

मी बोलले नाही. बोलायचं नव्हतंच मला. माझं लग्न, आणि माझे डोळे तेवढे कुणाच्या हिशेबात नाहीत!

१९ मे, शुक्रवार

बँकेत ऐन गर्दीत सु. माझ्या काउंटरच्या रांगेत. खातं नाही काही नाही. नंबर आल्यावर जाळीपाशी वाकून म्हणतो, "काल तुला दिसला ना?"

मी व्हाउचरं चाळायला लागले.

"तू नळीकडं बघतच नव्हतीस, बाभळीकडं बघत होतीस. मी तेव्हाच मनात गणित मांडून पाहिलं. तो तिथंच असणार."

"मग तू का नाही बोललास? बोलायची तर हौस आहे तुला!"

"तू बोलली नाहीस म्हणून. वाटलं, तुला नको असेल."

मागचा माणूस ओरडला, "अहो, पासबुक भरायचंय!" सु. हलला नाही. म्हणाला, "त्या दिवशी तुला न विचारता बोललो. आता विचारतो. तुला हवंय का?"

फेब्रुवारीपासून एवढ्या माणसांनी माझं लग्न ठरवलं आणि मोडलं. हा प्रश्न पहिल्यांदा आला, आणि तोही पासबुकांच्या रांगेत! डोळ्यांत पाणी आलं ते रागानंच. दुसरं कशानं येणार.

"आणखी एक सांगू?" हा हळूच. "गुरूही सूर्याकडं चाललाय. लवकरच त्याचाही अस्त—"

"नानांनी विचारलंय?"

"नाही."

"मग तोंड मीट." मिटलं. पहिल्यांदाच.

उत्तर दिलं नाही. म्हटलं, "संध्याकाळी ये. पाईप आणू नको." पुढच्याचं पासबुक घेतलं.

आत्ता घरी. आईनं देव्हाऱ्यातली सुपारी काढून पदराला बांधलीय. आज ती पण येतेय. आबा चप्पल घालून दारात उभे, नाना रिक्षा बघायला गेलेत. आभाळ कालच्यापेक्षा गढूळ.

थर्मास भरून ठेवलाय. आज तो मी धरणार नाही. नानांच्या हातात देणार आहे.