स्टीलच्या ताटातली थाई करी

आई, आज दुपारी मी तुझ्या सुनेला ताट फेकून मारलं. तू तिला पाहिलंच नाहीस, तू गेल्यावर तीन वर्षांनी आमचं लग्न झालं. ताटाची कड भुवईवर बसली, डोळा थोडक्यात वाचला. गरम थाई करी तिच्या गळ्यावरून खाली ओघळली आणि ती किंचाळली. तुला हे सांगायला मला तोंड नाही, पण दुसऱ्या कोणाला सांगू?

तू म्हणशील, तू कधीपासून रांधायला लागलास? कंपनीनं सहा महिने अमेरिकेला पाठवलं होतं, तिथे शिकलो. परत आल्यावर हडपसरच्या फ्लॅटमध्ये ओव्हन घेतला आणि दर रविवारी काहीतरी नवं सुरू केलं. मनात एकच गुर्मी, मी बाबांसारखा नाही, मी बायकोला करून घालतो! आणि ही पडली पुण्याची. वरण-भात, तूप, लिंबू, यापलीकडे हिला काही चालत नाही. मशरूम चिमटीत धरून ताटाच्या कडेला ठेवायची, मेलेलं झुरळ उचलावं तसं. पास्त्याचे दोन घास खाऊन म्हणायची, "छान झालंय. आता भात लावू का?" डोकं फिरायचं माझं. तीन तास मरमर करायची आणि वर हे ऐकायचं! मी झारा आपटायचो, भरली कढई सिंकमध्ये उपडी करायचो, एकदा ओव्हनच्या दारावर लाथ घातली. तिच्या अंगावर मात्र कधी गेलो नव्हतो. त्यात भर म्हणजे ती वाढायची स्टीलच्या ताटात. या जेवणांसाठी मी हौसेनं काचेच्या प्लेटा आणल्या होत्या. कुठे आहेत विचारलं की म्हणायची, "धुवायच्यात." मला वाटायचं, मुद्दाम टिंगल करते. आज तिनं करीचा वास घेतला आणि म्हणाली, "याला साबणाचा वास येतोय रे." बस्स, तेवढंच म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं लागलं? तू शेजारच्या काकूंना सांगायचीस, "नळावर घसरली मी बाप्पा." ही सरळ म्हणाली, "नवऱ्यानं ताट फेकून मारलं." त्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तीन टाके पडले. मग तिनं दारातच रिक्षा थांबवली, कात्रजला माहेरी जायला. "मागे येऊ नकोस. परत यायचं की नाही, ते मी ठरवीन."

घरी आलो. भिंतीवरून करी ओघळून वाळली होती. पुसायला जुनं फडकं हवं म्हणून माळा उघडला, तर गाद्यांच्या मागे त्या प्लेटा. सगळ्या धुतलेल्या, एकेक वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली. आई, मला तुझी ट्रंक आठवली. बाबा कारखान्यातून येतात, पहिला घास तोंडात घालतात, आईवरून शिवी देतात आणि ताट भिंतीवर जातं. तू खाली बसून फरशी पुसते आहेस, ओठ फुटलाय, आणि मी विचारतो, मावशीनं दिलेल्या चिनी मातीच्या बश्या तू कधी काढत का नाहीस? तू वर न बघता म्हणतेस, "स्टीलचं फुटत नाही ना रे." बाबांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू ट्रंक उघडलीस. त्या बश्यांत आपण दोघांनी पोहे खाल्ले होते.

म्हणजे हिला आधीच कळलं होतं. मी हात उचलायच्या कितीतरी आधी. आणि मी मूर्ख मसाले भाजत बसलो होतो.

हे पत्र तुला पाठवणार कुठे, आणि तिला दाखवायची माझी हिंमत नाही. मघाशी एक प्लेट कागदातून काढून ओट्यावर ठेवली होती. ती आलीच तर तिला दिसेल, मी बदललो असं म्हणता येईल, असा विचार होता. पण ट्रंक तू उघडली होतीस, बाबांनी नाही. मग ती प्लेट हिनं गुंडाळली होती तशीच गुंडाळली आणि परत माळ्यावर ठेवून दिली.