डाव्या कपातलं फेल्ट

३ फेब्रु., मंगळ
आमच्या लेकीने, मित्राने, हेडफोन परत आणून टेबलावर ठेवला. मी स्वतः बनवलेला, तिच्या नव्या नोकरीसाठी. "पापा, लेफ्ट में चुभ रहा है. हर 'स' सुई जैसा लगता है."
म्हटलं, बाई, ऑडिओ एडिटिंगचा कोर्स केला म्हणजे कान येत नाहीत.
सुनंदा स्वयंपाकघरातून, "पोरीला नोकरी लागली त्याचं कौतुक करायचं सोडून भांडून राहिले!"
१६ ला तिचं काम सुरू. तोवर बघू. बघण्यासारखं काही नाही, पण बघू.

४ फेब्रु., बुध
ऑफिसातून येऊन दोन्ही कप उघडले. ड्रायव्हरसमोर, म्हणजे कपातल्या छोट्या स्पीकरसमोर, मी फेल्टच्या, दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या लावतो. लावली की वरचा आवाज दबतो, काढली की उघडतो. तुलनेला सुनंदाचं विहारातलं रेकॉर्ड केलेलं गाणं. एकाच माइकवर घेतलेलं, म्हणजे आवाज बरोब्बर नाकासमोर यायला हवा. येईपर्यंत चकत्या घाल, काढ. ही पद्धत मला कुणी शिकवली नाही. आवाज मोजायचा माइक घेतला नाही, घेणारही नाही. कान आहेत की.
उजव्या कपात तीन चकत्या. डाव्यात एकही नाही.
एवढा फरक? डावा ड्रायव्हर मंद निघाला असणार. जोडी बघून घेतली होती तरी. ड्रायव्हर इकडचा तिकडे केला, फेल्ट जागच्या जागी ठेवलं. आता गाणं एका बाजूला कलायलाच हवं.
नाही कललं. आवाज तसाच, नाकासमोर.
हे होऊच शकत नाही.

७ फेब्रु., शनि
मग दोष कपात. आतला कापूस बदलला. कानाला टेकतात त्या गाद्या बदलल्या. शेवटी कपसुद्धा बदलले, आलमबागहून आणून. गाणं नाकासमोरच. मित्राला दिलं. तिने अर्धी ओळ ऐकून काढलं. "वही है. आप उल्टा पहन के देखिए ना."
"उलटा कोण घालतं? ड्रायव्हर चेहऱ्याकडे तिरपे बसवलेत. उलटा घातला की ते मागे बघतात, सगळं गणित..."
"अच्छा, एक बार. बस."
नाही घातला. उजव्या कपाला मी लाल दोरा बांधतो तो काय शोभेला?

८ फेब्रु., रवि
मायलेकी विहारात गेल्या होत्या. तेलीबागच्या बाजारातून सब्जी आणली, धुऊन ठेवली. मग घातला. उलटा.
उजव्या कानात सुई. मित्रा म्हणते तीच, अगदी तीच. आणि डाव्या कानात सुनंदा गोधडीखालून गातेय. 'स' नाहीच. ओठांचा आवाज नाही. श्वास घेते तो नाही.
सरळ घातला. ठीक. उलटा. सुई. सरळ.
ड्रायव्हर बदलले, गाद्या बदलल्या, कप बदलले. बदलले नव्हते ते एवढे दोन कान.
खुर्चीवर बसून राहिलो. त्या आल्या. सु. म्हणाली, "बापरे, काय झालं? तोंड काहून असं?" काही नाही म्हटलं.

९ फेब्रु., सोम
ऑफिसात लक्ष नाही. दुपारी जानकीपुरमला मेश्रामांना फोन केला, जुने स्नेही. माझ्या हाताचा हेडफोन त्यांच्याकडे गेल्या पावसाळ्यापासून आहे. सहज विचारावं तसं विचारलं, "डावी बाजू कशी वाजते हो?"
"थोडी तिखट आहे."
"मग बोलला नाहीत?"
"अहो, तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार. वाटलं माझ्याच कानात खोट आहे. आता सवय झाली."
फोन ठेवला. शास्त्रज्ञ माणूस. माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या कानावर शंका घेत बसला.

१२ फेब्रु., गुरु
सु.ला सांगावं लागलं. तीच क्लिनिकला घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं. तिथली मुलगी म्हणाली, "अंकल, जितना भी हल्का सुनाई दे, बटन दबाइए." डोक्यावर हेडफोन चढवला. डावी गादी फाटलेली! बोटाने दाखवलं, "मैडम, इसकी सील ही नहीं बैठ रही." "अंकल, सबका इसी से होता है."
कागदावर डावी रेघ मध्यापर्यंत उजवीबरोबर चालते. मग जिन्यावरून पडल्यासारखी खाली.
डॉक्टर, "कब से है?"
मला सांगता येईना. मला! सोल्डरिंगच्या कुठल्या कांडीत किती शिसं ते विचारा, सांगतो.
परत येताना मेट्रोत सु.ला म्हटलं, गादी फाटकी होती, रिपोर्ट चुकला असेल. ती एकदम खुश, "मग दुसरीकडे जाऊ ना!" मी रिपोर्ट पुन्हा उघडला. फाटक्या गादीतून खर्ज गळतो. वरचा आवाज नाही. हे मीच आजवर लोकांना बजावत आलोय. रेघेची खर्जाची बाजू ठणठणीत आहे, पडली ती वरची.
कानाच्या नसेची एक टेस्ट बाकी. सोमवारी.

१५ फेब्रु., रवि
मित्राला समोर बसवलं. हेडफोन तिच्या डोक्यावर, चिमटा माझ्या हातात. डाव्या कपात एक चकती घातली. "और." दुसरी. "थोड़ा और." तिसरी. ती डोळे मिटून ऐकत होती. "बस पापा. मम्मी बीच में आ गई."
मग मी घातला. सरळ. सुनंदाचा आवाज उजव्या खांद्याशी जाऊन उभा.
"आपको कैसा लग रहा है?"
"बरोबर आहे," म्हटलं. बरोबर आहेच. तिने मान दुसरीकडे वळवली.
डाव्या कपाचे स्क्रू वाटीत ठेवलेत. उद्याच्या टेस्टनंतर लावीन म्हटलं. सु. म्हणाली, "उद्यापासून पोरीचं काम आहे, कशाला अडवता?" खरं आहे. टेस्ट काहीही सांगो, डाव्या कपातल्या तीन चकत्या कमी होणार नाहीत.
तरी वाटी अजून टेबलावरच आहे.